पितृपंधरवड्यातली अळिंबी

फिर्यादी जबाब
दिनांक १६ सप्टेंबर २०२५

मी, सौ. उत्कर्षा जयदीप मुंगसे, वय ३१ वर्षे, धंदा नोकरी (चाकण औद्योगिक वसाहतीतील खासगी कंपनीत गुणवत्ता विभाग), राहणार निघोजे, तालुका खेड, जिल्हा पुणे. आज रोजी पोलीस ठाण्यात स्वतःहून आले असून महिला अधिकाऱ्यांनी विचारल्यावरून सांगते की,

वरील पत्त्यावर मी पती जयदीप, सासरे कोंडाजी, सासू इंद्रायणीबाई व अविवाहित दीर कुलदीप यांच्यासह राहते. आमचे लग्न सहा वर्षांपूर्वी दोघांच्या पसंतीने झाले. आम्हाला सुखदा नावाची चार वर्षांची मुलगी आहे. पती एका वाहतूक ठेकेदाराकडे सुपरवायझर आहेत. घर दुमजली असून खालच्या खोल्या कामगारांना भाड्याने दिलेल्या आहेत व वरच्या मजल्यावर आम्ही राहतो. सासूबाईंचे वय ५९ आहे. त्यांना रक्तदाबाचा त्रास असून रोज गोळी चालू आहे. ही गोष्ट घरात सर्वांना माहीत आहे.

घरामागे आमच्याच जागेत दीर कुलदीप यांची अळिंबीची, म्हणजे मशरूमची, शेड आहे. तेथे ते धिंगरी जातीची अळिंबी पिकवून हॉटेलांना देतात. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. यंदाच्या उन्हाळ्यात त्यांनी शेडच्या मागच्या अंगाला एसी बसवलेली वेगळी खोली बांधली. तिची किल्ली त्यांच्याकडेच असते. शनिवारी-रविवारी मोटारी घेऊन तरुण मुले-मुली येत व लहान पाकिटे घेऊन जात. मी एकदा विचारले तेव्हा ते म्हणाले, "वहिनी, ही औषधी जात आहे. परदेशात डॉक्टर लोक डिप्रेशनवर देतात." मी ही गोष्ट पतींना सांगितली. पती म्हणाले, "इतक्या वर्षांनी तो कशात तरी रमलाय. रमू दे की." त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

रविवार दि. १४ रोजी मला सुट्टी होती. पतींना ओव्हरटाइम असल्याने ते सकाळीच गेले होते. मुलगी सुखदा शनिवारपासून माझ्या आई-वडिलांकडे चिंचवडला होती. सकाळी बराच वेळ वीज नव्हती. शेडमधला फ्रिज बंद पडला म्हणून कुलदीप यांनी त्यातला एक डबा आमच्या स्वयंपाकघरातील फ्रिजमध्ये आणून ठेवला. घरच्या फ्रिजला इन्व्हर्टर आहे. डबा कशाचा आहे हे त्यांनी कोणाला सांगितले नाही. ते नंतर शेडकडे गेले.

पितृपंधरवडा चालू असल्याने घरात मटण-मासे आणत नाहीत. सासूबाई भाजीला काय करावे म्हणून फ्रिज बघत असता त्यांना तो डबा दिसला. त्या मला म्हणाल्या, "आगं, ह्या अळिंब्या बघ, देठाला निळ्या पडाय लागल्यात. नासायच्या आत करून टाकू." मीही पाहिल्या. दाबल्या गेलेल्या ठिकाणी निळसर डाग होते. शेडमधल्या उरलेल्या अळिंब्या घरात नेहमीच शिजतात, त्यामुळे मला शंका आली नाही. कांदा-खोबऱ्याचे वाटण मी केले, भाजी त्यांनी केली. सासरे माळकरी असून ते अळिंबी खात नाहीत, त्यांना वेगळी आमटी केली होती. दुपारी मी व सासूबाई जेवलो. सासूबाईंनी दोन वेळा भाजी घेतली. मी एकदाच घेतली, मला ती कडवट लागली.

जेवून अर्धा तास झाला असेल. मी भांडी घासत होते. मला एकामागून एक जांभया येऊ लागल्या व पोटात ढवळू लागले. सासूबाई ओट्यापाशी उभ्या राहून नळाच्या पाण्याकडे पाहत हसत होत्या. मी विचारले, "आई, काय झालं?" त्या म्हणाल्या, "पाण्याला रंग चढलाय बघ." थोड्या वेळाने त्यांचे हसणे थांबले. त्यांनी माझा दंड घट्ट धरला व फरशी हलते आहे, छातीत धडधडते आहे असे सांगितले. मी त्यांची नाडी पाहिली, ती फार जोरात चालली होती. त्यांच्या डोळ्यांच्या बाहुल्या एवढ्या मोठ्या झाल्या होत्या की डोळे पूर्ण काळे दिसत होते. मी त्यांना घेऊन बाहेरच्या खोलीत आले. तेथे सासरे खुर्चीत बसून टीव्हीवर कीर्तन ऐकत होते.

मी कुलदीप यांना हाक मारली. ते आले. मी म्हटले, "भाऊजी, फ्रिजमधल्या अळिंबीची भाजी खाल्ली, आईंना कसंतरी होतंय." ते स्वयंपाकघरात गेले, फ्रिज उघडला, कढई पाहिली. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी एवढेच विचारले, "किती खाल्लं, वहिनी?"

मी मोबाइलवर १०८ लावत असता त्यांनी माझ्या हातातून मोबाइल घेतला. ते म्हणाले, "दवाखान्यात नेलं की पोलीस केस होते. मी आत जाईन. पाच-सहा तासांत आपोआप उतरतं, यानं कोणी मरत नाही. शांत खोलीत पडून राहायचं, एवढंच करायचं असतं." मी सांगितले की आईंना बीपी आहे. ते म्हणाले, "मला माहितीय, माझी आई आहे ती." त्यांनी आम्हा दोघींना मागच्या बेडरूममध्ये नेले, पाण्याची बाटली दिली व दार ओढले. माझा मोबाइल मला अद्याप परत मिळालेला नाही.

येथून पुढचे सांगताना मला जे दिसत होते व जे प्रत्यक्ष घडले ते वेगवेगळे सांगावे, असे अधिकाऱ्यांनी मला सुचवले. मी स्वतः ती भाजी खाल्लेली होती, म्हणून तसे सांगते. खोलीच्या भिंती आत-बाहेर होत आहेत, श्वास घेत आहेत, असे मला दिसत होते. भिंती हलत नव्हत्या हे मला माहीत आहे. पडद्यावरची फुले पडद्यावरून उतरून पलंगावर आली असे मला दिसले. तसे झाले नाही. पंख्याचा आवाज मला रंगासारखा दिसत होता, ते मला नीट सांगता येणार नाही. दाराला बाहेरून कडी होती. ती लावल्याचा आवाज मी ऐकला. मी हँडल दाबून दार दोन्ही हातांनी ओढले, ते वरच्या बाजूला अडत होते. आमच्या बेडरूमच्या दाराला बाहेरून कडी वरच्याच बाजूला आहे. हे मला दिसलेले नाही, तर हे मी केलेले आहे.

खोलीला एक खिडकी असून तिला सरकत्या काचा व बाहेरून लोखंडी ग्रिल आहे. किती वेळ गेला ते मला सांगता येत नाही. मला खूप दिवस गेल्यासारखे वाटत होते. सासूबाई घाबरून सारख्या उठत होत्या. खोली लहान होत चालली आहे असे त्या म्हणत होत्या. मलाही ती लहान होताना दिसत होती, परंतु मी त्यांना तसे सांगितले नाही. मी त्यांना म्हटले, "आई, आपण काहीतरी खाल्लंय त्यामुळे असं वाटतंय. हे जाणार आहे. माझ्याकडे बघा." असे मी पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. ते मी त्यांना सांगत होते की स्वतःला, याची खात्री नव्हती.

मध्येच त्या काही वेळ शांत झाल्या व माझ्या मांडीवर डोके ठेवून पडल्या. लग्न झाल्यापासून त्या मला नावाने हाक मारतात. त्या वेळी त्या मला "पोरी" म्हणाल्या. त्यानंतर त्या स्वतःबद्दल व या घरात त्या लग्न होऊन आल्या त्या दिवसांबद्दल बऱ्याच गोष्टी बोलल्या. त्या गोष्टींचा या गुन्ह्याशी संबंध नाही. त्या मी सांगणार नाही.

नंतर त्यांना पुन्हा भीती वाटू लागली. त्या वेळी खाली अंगणात आमच्या भाडेकरू पूनम या दोरीवरचे कपडे काढत होत्या. मी खिडकी सरकवून ग्रिलमधून ओरडून सांगितले, "पूनम, एकशे आठला फोन लाव, आम्हाला आत बंद केलंय." पूनम यांनी वर पाहिले. तेवढ्यात कुलदीप खाली आले व मोठ्याने म्हणाले, "आईच्या अंगात आलंय. पितरांचे दिवस आहेत. वहिनीला पण धरलंय. कोणी वर जायचं नाही." त्याच वेळी माझ्यामागे सासूबाई त्यांच्या मयत आईला हाका मारत होत्या, त्यामुळे खालच्या लोकांना ते खरे वाटले असावे. शेजारच्या तानुबाई आल्या होत्या, त्यांनी पायरीवर हळदकुंकू वाहिले. पूनम यांनी डोक्यावर पदर घेतला व माझ्याकडे पाहून हात जोडले. मी आणखी ओरडले. मी जसजशी ओरडत होते तसतसे खाली आणखी लोक हात जोडत होते. त्यानंतर मी ओरडणे थांबवले व खिडकी लावून घेतली.

दुपार कलल्यावर पतींच्या मोटरसायकलचा आवाज आला. तो आवाज मला ओळखता येतो. मी सासूबाईंना म्हटले, "जयदीप आला, आता जायचं आपण." मी त्यांच्या पायात चपला घातल्या. बाहेर दोघा भावांचे बोलणे चालले होते, शब्द कळत नव्हते. मग पती दारापाशी आले. आमच्यात झालेले बोलणे असे:

ते म्हणाले, "उत्कर्षा, कशी आहेस?"

मी म्हटले, "कडी काढ. आईंना दवाखान्यात न्यायचंय."

ते म्हणाले, "कुलदीप म्हणतोय अजून दोन तासांत उतरेल. थोडं सहन कर."

मी म्हटले, "तू आधी आत ये. आईंना बघ."

ते म्हणाले, "मी बघितलं तर मला न्यावंच लागेल गं."

त्यानंतर त्यांच्या पावलांचा आवाज दूर गेला. सासूबाईंनी हे बोलणे ऐकले. त्या चपला घालून पलंगावर बसलेल्या होत्या.

त्यानंतर थोड्याच वेळात सासूबाई उठल्या व "पाणी चढतंय, पोरी, गळ्यापर्यंत आलं" असे म्हणत खिडकीकडे गेल्या. खोलीत पाणी नव्हते. मी त्यांना धरले, परंतु माझ्या हातांत जोर नव्हता. त्यांनी बंद काचेवर उजवा हात जोराने मारला. काच फुटून त्यांचा हात मनगटापाशी कापला व ग्रिलमधून बाहेर गेला. मी हात आत घेतला तेव्हा रक्त उडत होते. ते मला अनेक रंगांचे दिसत होते, त्यामुळे ते खरे आहे की नाही हे मला कळेना. मी बोट लावून चाटून पाहिले. ते रक्त होते. मी माझी ओढणी त्यांच्या हाताला करकचून बांधली, हात वर धरला व दारावर लाथा मारू लागले.

फुटलेल्या काचेतून रक्त खाली पूनम यांच्या वाळत घातलेल्या चादरीवर पडले, असे मला त्यांच्याकडून नंतर कळले. त्या मला म्हणाल्या, "ताई, देव आला तर काच फोडून रक्त सांडीत न्हाई, एवढं मला कळतं. पन मला खोली सोडाय लावतील म्हनून भ्याले." त्यांनी १०८ ला फोन केला व जिन्याने वर येऊन आरडाओरडा केला. त्या आवाजाने सासरे उठले व त्यांनी दाराची कडी काढली. दुपारपासून ते बाहेरच्या खोलीत, आमच्या दारापासून हाकेच्या अंतरावर बसलेले होते.

दार उघडले तेव्हा कुलदीप त्यांच्यामागे उभे होते. ते म्हणाले, "अण्णा, केस होईल." सासरे म्हणाले, "हू दे." मग त्यांनी सासूबाईंकडे पाहिले व मला म्हणाले, "म्या आयकत हुतो. समदं आयकत हुतो." पतींनी आईला उचलून खाली आणले. त्या वेळी ते रडत होते.

आम्हा दोघींना चाकण येथील खासगी रुग्णालयात नेण्यात आले. तेथील डॉ. पद्मजा वर्तक यांनी काय खाल्ले असे विचारले. कुलदीप यांनी शिळ्या अन्नातून विषबाधा झाल्याचे सांगितले. मी खरे सांगितले. डॉक्टरांनी सांगितले की सासूबाईंची नाडी व रक्तदाब धोक्याच्या पातळीवर आहे, अंगात ताप आहे, डोळ्यांच्या बाहुल्या उजेड पाडूनही आक्रसत नाहीत, हृदयाच्या आलेखात ताण दिसतो आहे. भास घडवणाऱ्या अळिंबीने असे होते व त्यावर उतारा नाही, रुग्णाला धीर द्यायचा, भीती कमी करणारे इंजेक्शन द्यायचे व हृदयावर लक्ष ठेवायचे, एवढाच उपचार आहे. मी विचारले, "शांत खोलीत ठेवायचं असतं, असं म्हणतात ते खरं का?" त्या म्हणाल्या, "शांत खोलीत, खरंय. पण जवळ धीर देणारं माणूस हवं आणि दार उघडं हवं."

डॉक्टरांनी आणखी असे सांगितले की अळिंबीची एखादी विषारी जात असेल तर रुग्ण पहिल्या दिवशी सुधारल्यासारखा दिसतो व दोन-तीन दिवसांनी त्याचे यकृत निकामी होते, म्हणून ती नेमकी कोणती हे कळण्यासाठी नमुना पाहिजे. कढई व डबा कुलदीप यांनी आम्ही आत असतानाच धुऊन टाकला होता. डॉक्टरांनी त्यांना दोनदा विचारले. त्यांनी खाली पाहत "काही शिल्लक नाही" असे सांगितले. पती त्यांच्या शेजारीच उभे होते.

सासरे बाकावर बसून हे ऐकत होते. ते उठून कोणाला न सांगता निघून गेले. ते परत आले तेव्हा अंधारून आले होते. त्यांनी घरी जाऊन शेडमागच्या खोलीचे कुलूप पहारीने तोडले होते. उपरण्यात बांधून आणलेल्या अळिंब्या त्यांनी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवल्या व म्हणाले, "ह्येच खाल्लंय त्यांनी. आजून लई हाय तिथं." त्यापूर्वी त्यांनी आयुष्यात अळिंबीला हात लावलेला नव्हता. त्यांनी बाहेर जाऊन नळावर हात धुतले व बराच वेळ धूत राहिले. रुग्णालयाने पोलिसांना कळवले ते त्यानंतर.

माझी तब्येत रात्रीतून सुधारली व मला काल घरी सोडण्यात आले. डोळे मिटल्यावर रंग दिसणे आज सकाळी थांबले आहे. बंद दाराच्या खोलीत मला झोप येत नाही. सासूबाईंच्या यकृताच्या तपासण्या अद्याप ठीक आहेत, त्या आणखी काही दिवस करायच्या आहेत. त्यांच्या मनगटातील स्नायुबंध तुटले असून शस्त्रक्रिया झाली आहे. उजव्या हाताची तीन बोटे हलत नाहीत.

काल मी सासूबाईंना भेटले. त्या पूर्ण शुद्धीवर होत्या. त्यांनी डाव्या हाताने माझा हात धरला व म्हणाल्या, "उत्कर्षा, कडी आतून हुती आसं सांग. आपणच लावून घेतली म्हण. लेकराचं वाटोळं हुईल." मी त्यांना त्यांचे पाणी दिले व निघाले. बाहेर पती होते. त्यांनी मला सांगितले की अळिंबीच्या केसमध्ये कुलदीपला वर्षानुवर्षे जामीन मिळणार नाही, आणि कोंडून ठेवले म्हटले तर त्यांचे स्वतःचेही नाव येईल, नोकरी जाईल. ते म्हणाले, "तू त्या वेळी नशेत होतीस. तुला काय आठवतंय? भिंती हलत होत्या म्हणतेस, मग कडीचं कशावरून?" आज मी येथे येण्यास निघाले तेव्हा ते मला सोडायला आले. सध्या ते पोलीस ठाण्याच्या फाटकाबाहेर गाडीवर बसून आहेत.

मला आपण त्या वेळी शुद्धीवर होता काय, असे विचारण्यात आले. त्याचे उत्तर असे की, मला नसलेल्या गोष्टी दिसत होत्या व त्या नाहीत हे मला बहुतेक वेळा कळत होते. मला कोणी मारहाण केलेली नाही. कुलदीप यांना आपल्या आईला इजा करायची होती, असे माझे म्हणणे नाही. त्यांनी आम्हाला दवाखान्यात जाऊ दिले नाही व दाराला बाहेरून कडी घातली, असे माझे म्हणणे आहे. पतींनी ती काढली नाही, असेही माझे म्हणणे आहे. हे मी कोणाच्या सांगण्यावरून अगर दबावाखाली सांगत नाही. न सांगण्यासाठी मात्र मला सांगण्यात आले होते, ते वर आले आहे.

पुढील नोटीस कोणत्या पत्त्यावर पाठवावी, असे मला विचारले. मी थोडा वेळ मागितला. नंतर वडील हरिहर यांचा चिंचवड गावठाणातील पत्ता दिला. मुलगी तेथेच आहे.

हा जबाब संगणकावर मराठीत टंकलेला असून तो मला सावकाश मोठ्याने वाचून दाखवण्यात आला. त्यात एके ठिकाणी "दाराला कडी लागली" असे लिहिले गेले होते, ते माझ्या सांगण्यावरून खोडून "कडी लावली" असे केले आहे. बाकी सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे, म्हणून सही करते.

सही
सौ. उत्कर्षा जयदीप मुंगसे